बुधवारपासून सुरू होणारी वही

रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला, की आमच्याकडे मार्गशीर्ष आला. पंचांग उघडायची गरज पडत नाही. कापसानं गच्च भरलेले ट्रॅक्टर उमरखेडच्या रस्त्यानं जातात, वळणावर बाभळीची एखादी फांदी आत घुसते आणि मूठभर कापूस ठेवून घेते. पंधरा दिवसांत सगळ्या बाभळी पिकल्या केसांच्या दिसायला लागतात. शाळेतून येताना एसटीच्या खिडकीतून मी हे बघते आणि दरवर्षी ठरवते, की पुढच्या वर्षी खिडकीकडे बसायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा खिडकीच पकडते.

यंदा याच दिवसांत घरी एक पार्सल आलं. माझ्या मुलीनं, सायलीनं, पुण्याहून पाठवलेलं. ती तिथं कॉलेजात शिकते आणि आईला सुधारायचं मनावर घेते. पार्सलात एक विकली प्लॅनर होता. जाड कागद, कापडी पाठ, वाचनखुणेसाठी रेशमी फीत. मुखपृष्ठावर फिक्या निळ्या रंगात कापसाची तीन बोंडं, भोवती सोनेरी रेघ. आत पानोपानी चित्रं: वाफाळणारा कप, उन्हात झोपलेलं मांजर, खिडकीतली कुंडी. एका कोपऱ्यात ‘या आठवड्याची ध्येयं’, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचे आठ थेंब. एक ग्लास प्यायलं की एक थेंब रंगवायचा. सोबत चिठ्ठी होती. ‘आई, तू फार विसरतेस. आता सगळं यात लिहायचं. आणि कव्हर बघ, मुद्दाम कापसाचं शोधलं.’

पोरीनं किती प्रेमानं पाठवलं होतं. मी पहिलं पान उघडलं. पहिलं घर सोमवार. मी वही मिटली आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिली. मग त्याच डब्याशी टेकून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले. या वयाच्या बाईनं, एका वहीवरून.

कारण चित्रांची आठवड्याची वही मला याआधी एकदा मिळाली होती. तीही कापसाच्याच कव्हरची. तिचं पहिलं घर बुधवार होतं.

ती काढली होती माझ्या नणंदेनं, वनितानं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती शाळेत जाणारी, दोन वेण्यांची पोर होती. मला ती पहिल्या दिवसापासून एकेरीच हाक मारायची. वहिनी म्हणजे तिच्या लेखी उशिरा आलेली थोरली बहीण. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण. सकाळी नऊला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत. सायली झाली तेव्हा तिला सांभाळलं वनितानं. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं. घर, शेत आणि माझी लेक या तिन्हींत तिचा दिवस जायचा, आणि उरलेल्या वेळात ती काढायची. कशावरही काढायची. पिठाच्या डब्याच्या झाकणावर, सायलीच्या पोटावर, लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. मी तिला उमरखेडहून रंगांची पेटी आणून दिली, तर तिनं त्यातला पांढरा पहिल्याच दिवशी काढून मला परत दिला. म्हणाली, “हा घेऊन काय करू वं? पांढरा त कागदच राह्यते.”

मी तेव्हा फार शिस्तीची होते. होते म्हणजे शाळेपुरती. आम्हा शिक्षकांना दर आठवड्याचं टाचण काढावं लागतं, कोणत्या वारी कोणत्या तासाला काय शिकवणार ते आधीच लिहून ठेवायचं. माझं टाचण बघून तपासणीला आलेले साहेबसुद्धा मान डोलवायचे. सोमवार ते शनिवार सहा घरं, इतक्या वर्षांची सवय; डोळे झाकले तरी हात बरोबर त्या घरात जायचा. घरी मात्र सगळा आनंद. सायलीचा डोस द्यायची तारीख उलटून जायची, गॅसचा नंबर लावायचा राहायचा, पाहुणे दारात उभे राहिल्यावर आठवायचं, की आज यांना जेवायला बोलावलं होतं. वनिता कपाळाला हात लावायची. “शाळेचं टाचण काढतं, मंग घरचं काहून नाई काढत?”

त्या वर्षी भाऊबीजेला भावाला ओवाळून झाल्यावर तिनं पाटाखालून एक वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “घे. घरचं टाचण.”

तिनं आखीव कागद दुमडून, दाभणानं टोचून, पोती शिवायच्या दोऱ्यानं शिवली होती. पुठ्ठ्यावर माझ्याच जुन्या सुती साडीचा तुकडा चिकटवला होता आणि त्यावर कागद ताणून मुखपृष्ठ रंगवलं होतं. पऱ्हाटीचं शेत, म्हणजे कपाशीचं. त्यात पाठमोऱ्या सात बायका, कमरेला ओट्या बांधलेल्या, वाकून वेचणाऱ्या. मातीला गेरू, पानांना हळद आणि कपड्यांची नीळ मिसळून केलेला हिरवा, बायकांच्या केसांना चुलीची काजळी. कापूस तिनं रंगवलाच नव्हता. जिथं बोंड उमललेलं, तिथं कागद कोरा सोडला होता. एवढ्या गर्दीत एवढ्या जागा कोऱ्या ठेवायच्या, म्हणजे आधीच सगळं डोळ्यांसमोर लख्ख असायला हवं. सातवी बाई वाकलेली नव्हती. ती खांद्याला पर्स लावून, छत्री घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. ती कोण, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आम्ही दोघी इतक्या हसलो, की सायली घाबरून रडायला लागली.

आतमध्ये वर्षाचे सगळे आठवडे. एकेका आठवड्याला एकेक चित्र, आणि खाली सात घरं. वारांची नावं कुठंच नव्हती, चित्रं होती. पहिल्या घरात बाजाराची फुगलेली पिशवी, म्हणजे बुधवार. आमच्या गावचा बाजार बुधवारी. मग गुरुवारचा कलश, शुक्रवारचे फुटाणे. शनिवारी मारुतीची नुसती शेपटी, कारण मारुतीचं तोंड तिला जमेना. रविवारी शाळेचं कुलूप, सोमवारी बेलाचं पान. आणि शेवटच्या घरात, मंगळवारी, तेलाची रिकामी बाटली.

“आठवडा बुधवारपासून कुठं असतो, वेडे?” मी म्हटलं. मास्तरीणच ती.

“मंग कधीपासून असते?” तिनं विचारलं. “बाजाराच्या दिवशी घरात सगळं येते. मंगळवारपर्यंत सरते. मंग पुन्हा बाजार. सोमवारी काय होते वं? सोमवारी तुही शाळा भरते, बस.”

गावात खरंच कुणी सोमवारपासून मोजत नव्हतं. मजूर बायका बुधवारी वेचणीला येत नसत, त्यांची सुट्टी बाजाराची. पाहुणा ‘या बाजारी’ यायचा किंवा ‘त्या बाजारी’. बाळंतीण किती दिवसांची, तर तीन बाजार झाले. भरलेल्या पिशवीपासून रिकाम्या बाटलीपर्यंतचा तो आठवडा मी इतकी वर्षं त्या घरात राहून बघितला नव्हता, तिनं तो काढून दाखवला. आजही मला वाटतं, तिचाच आठवडा बरोबर होता.

त्या मोसमात कापूस खूप पिकला होता. घराची पुढची खोली कापसानं भरली. आधी गुडघ्यापर्यंत, मग खिडकीपर्यंत, मग आढ्याला लागला. दार उघडलं की आत एक ऊब असायची आणि सरकीचा तेलकट, गोडसर वास. सायली त्यावर उड्या मारायची आणि संध्याकाळी अंग खाजवत माझ्याकडे यायची. वनिता शेतातून आली, की तिच्या बोटांची टोकं फाटलेली असायची. सुकलेल्या बोंडाच्या कडा सुईसारख्या टोचतात, वेचणाऱ्या प्रत्येक बाईची बोटं त्या दिवसांत तशीच असतात. त्याच बोटांना खोबरेल लावून ती ब्रश धरायची. वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच पहिलं बोंड तोडतात. तिनं त्या आठवड्याच्या पानावर तेच काढलं होतं. दहीभाताच्या पानावर बसलेला एक मुंगळा मी आजही बघू शकते, कारण ती वही माझ्याकडेच आहे.

वही मी शाळेत मिरवली. दुसऱ्या एका शाळेतल्या गुरुजींनी कव्हरचा फोटो काढून घेतला. त्यांचे एक मित्र नागपुरात चित्रांच्या डायऱ्या आणि आठवड्याच्या वह्या छापायचे. एका शुक्रवारी, दिवेलागणीला, माझ्या मोबाइलवर त्या गृहस्थांचा फोन आला. येत्या आठवड्यात ते एका दिवसासाठी यवतमाळला येणार होते. चित्रं काढणारी पोरं-पोरी बघायची होती, त्यातल्या दोघांना ते नागपूरला नेणार होते. राहण्याची सोय, काम, शिकवणं, सगळं. मुलीनं ही वही घेऊन यावं आणि त्यांच्यासमोर बसून एक आठवडा काढून दाखवावा. “येत्या गुरुवारी,” ते म्हणाले. “मार्गशीर्षातला गुरुवार आहे, बायकांचे उपास असतात, माहीत आहे मला. पण अकराच्या आत पोचवा तिला.”

सायली पदर ओढत होती. चुलीवर वरण उतू जात होतं. मी कानाशी फोन धरून वही ओढली, पुढच्या आठवड्याचं पान उलटलं आणि लिहिलं: अकरा वाजता, यवतमाळ. गुरुवार म्हणजे चौथं घर. माझ्या हाताला इतक्या वर्षांची सवय, तो चौथ्या घरात गेला. तिच्या वहीतलं चौथं घर शनिवारचं. मी मारुतीच्या शेपटीवरूनच लिहिलं आणि मला ती दिसली नाही.

वनिता शेतातून आली तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. तिला फोनचं सगळं सांगितलं, वेळ वहीत लिहिली आहे म्हणून. तिनं धावत जाऊन पान उघडलं. “मारुतीच्या दिवशी!” ती ओरडली. “वयनी, मारुतीच्या दिवशी!” तिनं सायलीला उचलून गरागरा फिरवलं, आणि मी हसत हो म्हटलं. फोडणीच्या आवाजात मी तिचा आनंद ऐकला, वार ऐकला नाही.

इथपर्यंत ही चूक आहे. पंधरा वर्षं मी ही गोष्ट इथपर्यंतच सांगत आले, स्वतःलासुद्धा. मास्तरणीचा हात, बाजाराचा आठवडा, घाई. ऐकणारा हळहळतो आणि म्हणतो, तुमचा काय दोष.

पण त्या आठवड्यात गुरुवारही आला होता.

सकाळचे साडेसहा झाले असतील. आभाळ भरून आलं होतं. कपाशीच्या दिवसांत आभाळ आलं, की गावाचा जीव टांगणीला लागतो. उमललेला कापूस भिजला तर पिवळा पडतो. सगळ्या गावाला त्या दिवशी बायका हव्या होत्या, त्यामुळे कुणालाच पुरेशा मिळत नव्हत्या. आमचे हे अंगणात उभं राहून मोजत होते. “वनिता धरून पाचच जणी होतात,” म्हणाले. “बारापर्यंत उगवतीकडला पट्टा झाला पायजे.” वनिता ओटी बांधत होती. तिनं पहाटे उठून माझ्या उपासाचा साबुदाणा करून ठेवला होता, आणि जाता जाता मला म्हणत होती, “पुरा खाजो. अजून हाय कढईत. दोनदा घेजो.” ती मला कधीच एकदा वाढून थांबायची नाही.

मी पाटावर कलश मांडला. पाच पानं लावली, नारळ ठेवला, कुंकवाची बोटं ओढली. आणि दुसरं बोट ओढताना मला तो आवाज आठवला. ‘मार्गशीर्षातला गुरुवार आहे, बायकांचे उपास असतात.’ अगदी स्वच्छ, त्या माणसाच्या हेलासकट.

माझा हात थांबला. फाट्यावरून यवतमाळची गाडी सातला होती. वनिता अजून अंगणात होती, चपला शोधत. मी हाक मारली असती, तर ती ओटी सोडून, आहे त्या साडीवर धावत सुटली असती. गाडी मिळाली असती आणि ती अकराच्या आत पोचली असती.

मी हाक मारली नाही.

मी मनाशी म्हटलं, मला उगाच वाटतंय. वहीत शनिवार आहे. मी स्वतः लिहिलंय. पूजा झाली की बघू, फोन करून विचारू. पूजा मी त्या दिवशी फार सावकाश केली. कहाणीची पोथीसुद्धा पुरी वाचली, जी मी एरवी शाळेच्या घाईत अर्धी सोडत असे. पूजा आटोपली तेव्हा सव्वासात झाले होते. फोन मी केला नाही. शाळेत गेले आणि मुलांना गुणाकार शिकवला.

काहून? वनितानं विचारलं असतं तर असंच विचारलं असतं, आणि मी तिला काय सांगितलं असतं? आभाळ आलं होतं, हे खरं. कापूस भिजला असता, हेही खरं. पण पाटावर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं होतं ते निराळंच होतं. ती नागपूरला गेली, तर सायलीला कोण बघणार? माझी शाळा कशी होणार? संध्याकाळी घरी आल्यावर दारात माझी वाट बघणारं, माझ्या बावळटपणावर हसणारं कोण राहणार? तिच्या हातांवर माझी नोकरी चालत होती. ती निघून जाणार, हे मला शुक्रवारपासूनच आवडलेलं नव्हतं आणि मी ते स्वतःला कळू दिलं नव्हतं. कुंकवाचं बोट ओढताना ते कळलं.

पाऊस मात्र आलाच नाही. दुपारी आभाळ निवळून कडक ऊन पडलं.

शनिवारी आम्ही दोघी यवतमाळला गेलो. तिनं वही नव्या टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरली होती आणि तीन तास ती खाली ठेवली नाही. पोचलो तर ज्या हॉलमध्ये बोलावलं होतं, त्याच्या पायऱ्यांवर एक बाई झाडू मारत होती. “ते चित्रावाले? ते त गुरवारीच आलते. लय पोरं होते. संध्याकाळी गेले ते.”

वनितानं तिथंच पायरीवर वही उघडली. तिला दाखवायची होती त्या बाईला, की बघा, मारुतीचा दिवस लिहिला आहे. तिनं माझ्या अक्षराखालची शेपटी बघितली, मग मागे जाऊन घरं मोजली, एक, दोन, तीन, चार. आणि मग तिला कळलं. माझ्याकडे बघून ती हसली. ते हसू मला विसरता येत नाही.

“माहीच चूक हाय, वयनी,” ती म्हणाली. “तुह्या हाताले सोमवारची सवय. मी कायले शहाणपणा केला बाजाराचा? सरळ सगळ्यासारखा आठवडा काढाले पायजे होता. माह्याच चित्रानं माहा घात केला.”

त्या पायरीवर मला बोलता आलं असतं. स्टँडवर भजी खाताना बोलता आलं असतं. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, महागावच्या पुढं जागी झाली, तेव्हा बोलता आलं असतं. मी एवढंच म्हटलं, “जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी ते गृहस्थ आले नाहीत. वनिताचं लग्न ठरलं, ती केळापूरकडच्या एका गावात नांदायला गेली. जाताना रंगांची पेटी सायलीला देऊन गेली. मला वाटलं, हौसेनं दिली.

तिची वही मी पुढं वापरली नाही. त्या शनिवारनंतर तिच्यात माझं एकही अक्षर नाही. पण वनितानं वर्षाचे सगळे आठवडे आधीच काढून ठेवले होते. संक्रांतीचा तीळ आहे, माघातली तुरीची रास आहे, फाल्गुनात पेटलेला पळस आहे, उन्हाळ्यातल्या आठवड्यात माठावर बसलेली चिमणी आहे. सगळ्या चित्रांखाली सात-सात कोरी घरं, पिशवीपासून बाटलीपर्यंत. कधी कधी शाळेला सुट्टी असली की मी एकटीच ते आठवडे उलटत बसते. कुणी तरी माझ्यासाठी इतके दिवस मांडून ठेवले होते आणि मी ते तसेच ठेवून दिले.

सायलीचा प्लॅनर आला आणि मला ते पुढं सहन होईना. मी किरकोळ रजा टाकली, मुद्दाम गुरुवारची. मार्गशीर्षातलाच गुरुवार. दोन्ही वह्या पिशवीत घातल्या आणि निघाले. वनिताच्या गावाला जायला यवतमाळच्या स्टँडवर गाडी बदलून पांढरकवड्याची धरावी लागते. तो हॉल तिथून दिसत नाही, तरी मी पाठ करून उभी राहिले.

वनिताच्या दारात सडा घातलेला होता, स्वच्छ. रांगोळी नव्हती. आधीही इतक्यांदा आले होते मी. रांगोळी नाही, हे आजच दिसलं. ती एकटीच घरी होती, घरचे सगळे वेचणीला गेले होते. मला बघून तिचा चेहरा खुलला. “आज गुरवार, म्हणून साबुदाणा भिजवला सकाळीच,” म्हणाली. “बस. पहिले पाणी घे.”

मी नवा प्लॅनर काढला, सायलीनं पाठवला म्हणून दाखवला. तिनं हात पदराला पुसून तो घेतला. कव्हरवरून बोट फिरवलं, आणि बोट एका बोंडावर थांबलं. “यानं कधी कापूस वेचला नाई,” ती म्हणाली. “पाह्य. बोंडाले टोकच नाई काढले. टोचन असा कापूस पायजे.” एवढं बोलून तिनं तो घाईनं परत दिला, जणू काही नको ते बोलून गेली.

मग मी जुनी वही काढली आणि तिला सांगितलं. सगळं. कुंकवाचं दुसरं बोट, सातची गाडी, तिच्या चपला, पुरी वाचलेली पोथी. सायलीला कोण बघणार, हेही. काही मऊ केलं नाही. बोलताना माझा आवाज शाळेतल्यासारखा निघत होता, त्याची मला लाज वाटत होती.

बाहेर रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर गेला. वही वनिताच्या मांडीवर होती. ती त्या सात बायकांकडे बघत होती.

“नागपूरचं जाऊ दे,” ती शेवटी म्हणाली. “ते भेटलं असतं, नसतंबी भेटलं. लय पोरं आलते म्हणे. सायलीले म्याच वाढवलं, तिच्यासाठी राह्य म्हणली असती, त मी राह्यलीबी असती.” मग ती थांबली. “पण मी समजली, का माह्या चित्रातच खोट हाय. मी काढतो अन् घात होते. पंधरा वर्षं झाले वयनी, मी दारात रांगोळीचा टिपका नाई टाकला. तुनं दुसऱ्या दिवशी जरी सांगतलं असतं. मी रागावली असती, चार दिवस बोलली नसती. पण काढत त राह्यली असती.”

मला रडू आलं. तिला आलं नाही. मी तिचा हात धरायला गेले, बोटांची टोकं तशीच फाटलेली होती. तिनं हात सोडवला, रागानं नाही, कामाला उठताना सोडवतात तसा, आणि वही मिटून माझ्या पिशवीत नव्या वहीवर ठेवली. मग चुलीकडे गेली.

माझ्याकडे पाठ करून तिनं मिरची चिरली, तुपात जिरं टाकलं, साबुदाणा परतला. शेंगदाण्याचं कूट ती अजूनही जाडसरच ठेवते. तिनं ताट माझ्यापुढं आणून ठेवलं, शेजारी पाण्याचा गिलास ठेवला, आणि दाराशी जाऊन आभाळाकडे बघत उभी राहिली. मी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं. ताट रिकामं झालेलं तिनं वळून बघितलं. आणखी वाढू का, असं तिनं विचारलं नाही.